द हार्डर दे कम : वीस डॉलरचं गाणं आणि दोन पिस्तुलांचा फोटो

आज आपण एका सिनेमाकडे इतिहासाचं साधन म्हणून पाहणार आहोत. सिनेमाचं नाव ‘द हार्डर दे कम’. १९७२ साली जमैकात तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शक पेरी हेन्झेल, सहलेखक ट्रेव्हर रोन आणि मुख्य भूमिकेत गायक जिमी क्लिफ. खेड्यातून शहरात आलेला एक तरुण, गायक व्हायचं त्याचं स्वप्न, मग गुन्हेगारी आणि शेवटी पोलिसांच्या गोळ्या, एवढीच गोष्ट. पण या सिनेमाचे भक्त जगभर आहेत आणि रेगे संगीत जमैकाबाहेर नेणाऱ्या गोष्टींमध्ये त्याचं नाव फार वर घेतलं जातं.

आता आमचं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना गोंधळ नको. हा सिनेमा अर्धा अतिशय खरा आहे आणि अर्धा आपल्याला फसवतो. गंमत अशी की दोन्ही अर्धे एकमेकांत इतके मिसळलेत, की गाण्यांच्या ठेक्यावर पाहणाऱ्याला ते वेगळे करता येत नाहीत. ते वेगळे करायचे, एवढंच आजचं काम.

आधी जागा समजून घेऊ. आपल्याकडच्या लोकांना किंग्स्टन हे शहर ठाऊक आहे ते क्रिकेटमुळे. १९७१ च्या फेब्रुवारीत अजित वाडेकरांचा संघ तिथे सबिना पार्कवर पहिली कसोटी खेळला. मडगावात जन्मलेल्या आपल्या दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या आणि वाडेकरांनी वेस्ट इंडिजला फॉलोऑन दिला. रेडिओला कान लावून बसलेली ती पिढी अजून आपल्या घरांत आहे. त्याच सुमारास, त्याच शहराच्या पश्चिमेकडच्या वस्त्यांमध्ये हेन्झेल आपला सिनेमा तयार करत होता. पैसे संपले की चित्रीकरण थांबायचं, जमले की पुन्हा सुरू. बरेचसे कलाकार व्यावसायिक नट नव्हतेच. पत्र्याच्या खोल्या, गल्लीबोळ, कचऱ्याचे ढीग, हे सगळं पडद्यावर दिसतं ते खरं आहे, सेट लावलेला नाही.

आणखी एक धागा सांगून ठेवतो, कारण तो कथेत कामाला येणार आहे. या सिनेमाचा नायक गांजाच्या व्यापारात शिरतो आणि जमैकात त्या वस्तूला म्हणतातही गांजाच. शब्द आपलाच आहे. ब्रिटिश वसाहतींत १८३४ साली गुलामगिरी रद्द झाली आणि १८३८ पर्यंत मजूर पुरते मोकळे झाले. मग उसाच्या मळ्यांवर राबायला माणसं कुठून आणायची? तर हिंदुस्थानातून. १८४५ पासून १९१७ पर्यंत छत्तीस हजारांच्या आसपास करारबद्ध मजूर जहाजांनी जमैकात नेले गेले. त्यांतले बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातून गेले, गंगेच्या खोऱ्यातले. मराठी मुलखाचा त्यात फारसा भाग नाही. पण त्यांच्याबरोबर गेलेला शब्द आणि सवय तिथल्या गरीब काळ्या माणसांनी आपली केली. रास्ताफारी पंथाने तर तिला धार्मिक अर्थ दिला. १९१३ साली सरकारने कायदा करून गांजा बेकायदा ठरवला. म्हणजे वसाहतीनेच आणलेली वस्तू वसाहतीनेच गुन्हा ठरवली. सिनेमातला पोलीस आणि गांजा विकणारा यांच्यातलं नातं समजायला हे माहीत असलेलं बरं.

आता मूळ माणसाकडे येऊ. सिनेमाच्या नायकाचं नाव आयव्हनहो मार्टिन. हा माणूस खरोखर होऊन गेला. व्हिन्सेंट ‘आयव्हनहो’ मार्टिन, लोकांमधलं नाव ऱ्हायगिन. तिथल्या बोलीत या शब्दात धगधगता, तडफदार अशी छटा आहे. १९४८ च्या एप्रिलमध्ये तो किंग्स्टनच्या मोठ्या तुरुंगातून पळाला. ऑगस्टच्या अखेरीस पोलीस त्याला धरायला गेले, तेव्हा गोळीबारात एक पोलीस अधिकारी मेला. त्याच रात्री एका स्त्रीचाही जीव गेला. मग सहा आठवडे बेटावर त्याचाच विषय. तो पोलिसांना डिवचणारी पत्रं पाठवायचा. हातात दोन पिस्तुलं घेऊन त्याने फोटो काढून घेतला, तो वर्तमानपत्रात आला. ९ ऑक्टोबर १९४८ रोजी किंग्स्टनच्या बंदराबाहेर लाइम के नावाच्या छोट्या बेटावर पोलिसांनी त्याला मारलं. त्याचं प्रेत पाहायला लोकांनी गर्दी केली.

इथे थोडं थांबू. १९४८ मध्ये जमैका ब्रिटिशांच्या ताब्यात होता. पोलीस म्हणजे परक्या सरकारचा पोलीस. अशा वेळी पोलिसांना हुलकावणी देणारा माणूस लोकांच्या तोंडी हिरो होतो, मग त्याने मारलेली माणसं कोण होती याची फारशी चौकशी होत नाही. हे जगात सगळीकडे घडलंय. परक्या राज्यात दरोडेखोराची गाणी होतात आणि ज्याच्यावर दरोडा पडला त्याचं नाव विसरलं जातं.

हेन्झेलने या ऱ्हायगिनला उचललं आणि वीस-बावीस वर्षं पुढे आणून ठेवलं. १९४८ मध्ये रेगे नव्हतं, स्काही नव्हतं आणि बेटावर गाण्यांच्या रेकॉर्ड्सचा म्हणावा असा धंदाही नव्हता. मूळ ऱ्हायगिन गायक नव्हता, तो तुरुंग पाहिलेला सराईत गुन्हेगार होता. सिनेमातला आयव्हन मात्र खेड्यातला भोळा पोरगा आहे. आजी वारली, ही बातमी आईला सांगायला तो बसने शहरात येतो. उतरल्या उतरल्या एक हातगाडीवाला त्याचं सामान घेऊन पळतो. आई स्वतःच कशीबशी जगतेय, ती त्याला एका पाद्रीकडे पाठवते. म्हणजे बघा, नाव, दोन पिस्तुलं, फोटो आणि मरणाची जागा एवढं १९४८ चं. बाकी सगळं १९७० च्या आसपासचं.

हा बदल का केला? आमच्या मते इथेच सिनेमाचं खरं मोल आहे. ६ ऑगस्ट १९६२ रोजी जमैका स्वतंत्र झाला. खेड्यांतून तरुण पोरं शहराकडे धावली. शहरात काम नव्हतं. त्यातून ‘रूड बॉय’ म्हणवणारी पिढी उभी राहिली, म्हणजे चटपटीत कपड्यांची, खिशात चाकू ठेवणारी, कुणाचं न ऐकणारी. याच दहा वर्षांत संगीतही झपाट्याने बदललं. आधी स्का, १९६६ च्या सुमारास त्याहून संथ रॉकस्टेडी, आणि १९६८ पासून रेगे. १९६७ सालचं डेस्मंड डेकरचं ‘००७’ हे गाणं या रूड बॉय पोरांवरचंच आहे, आणि ते या सिनेमाच्या ध्वनिमुद्रिकेत आहे. म्हणजे हेन्झेलने ऱ्हायगिनला पुढे आणलं ते एक प्रश्न विचारण्यासाठी. १९४८ मध्ये परकं राज्य होतं, ठीक आहे. आता राज्य आपलं आहे, तरी ह्या पोराची वाट तिथेच का जाऊन संपते?

या प्रश्नाचं उत्तर सिनेमा ज्या जागी उत्तम देतो ती जागा म्हणजे रेकॉर्डिंग स्टुडिओ. आयव्हन हिल्टन नावाच्या निर्मात्याकडे गाणं गातो. गाणं झकास होतं. हिल्टन त्याला वीस डॉलर देऊ करतो, सगळे हक्क त्याचे. आयव्हन नाकारतो, आपली रेकॉर्ड आपणच खपवायला निघतो. पण रेडिओवाला लावत नाही, कारण हिल्टनने सांगितल्याशिवाय कुणीच लावत नाही. शेवटी तो परत येतो आणि वीस डॉलर घेऊन सही करतो.

मित्रहो, आर्थिक इतिहासावरची दोन-तीन प्रकरणं वाचून जे कळतं, ते इथे काही मिनिटांत कळतं. स्टुडिओ एकाचा, दाबयंत्र त्याचं, दुकानदार त्याच्या ओळखीचा आणि रेडिओपर्यंतची वाटही त्याच्याच दारातून. अशा ठिकाणी गळा कितीही चांगला असो, भाव ठरवणारा दुसराच असतो. त्या काळातल्या किंग्स्टनमध्ये गायकाला एका गाण्याचे एकरकमी पैसे देऊन वाटेला लावणं ही रीतच होती. स्वतः जिमी क्लिफ खेड्यातून किंग्स्टनला कोवळ्या वयात आलेला. लेस्ली काँग नावाच्या चिनी-जमैकन निर्मात्याला गाठून त्याने १९६२ च्या सुमारास गाणी केली. त्याच्या चेहऱ्यावर स्टुडिओतला जो उत्साह दिसतो तो नाटकी वाटत नाही, तो याचमुळे. त्याच स्टुडिओत टूट्स आणि त्याचे साथीदार ‘स्वीट अँड डँडी’ गाताना दिसतात. पडद्यावर आपण रेगे घडताना पाहतो. संगीताच्या अभ्यासकाला हे दृश्य म्हणजे ताम्रपटासारखं आहे.

दुसरी मोठी गोष्ट भाषेची. सिनेमातली माणसं जमैकन पॅटवा बोलतात. शाळा, कोर्ट, वर्तमानपत्र इंग्रजीत. घर, बाजार, भांडण पॅटवात. ही बोली तोपर्यंत पडद्यावर आली असेल तर गडीमाणसाच्या तोंडी, हसण्यापुरती. इथे नायक ती बोलतो, पाद्री बोलतो, पोलीसही बोलतो. पुढे अमेरिकेत सिनेमा दाखवताना त्याला इंग्रजी सबटायटल्स द्यावी लागली. आपल्याकडे मालवणी किंवा अहिराणी पहिल्यांदा रंगमंचावरून मानाने ऐकली तेव्हा त्या त्या भागातल्या माणसाला काय वाटलं असेल, त्यावरून अंदाज करा. किंग्स्टनच्या कॅरिब थिएटरात पहिला खेळ झाला तेव्हा इतकी माणसं लोटली की दारं टिकली नाहीत. लोक स्वतःला पाहायला आले होते.

इथवर आम्ही या सिनेमाच्या बाजूने आहोत. आता दुसऱ्या बाजूला जाऊ.

पहिला आक्षेप मेलेल्या माणसांविषयी. आयव्हन एका पोलिसाला मारतो, मग आणखी मारतो. सिनेमा त्यांच्याजवळ क्षणभरही थांबत नाही. कुणाचं घर दिसत नाही, कुणाची बायको दिसत नाही. स्त्रियांचंही तसंच. एल्सा ही पाद्रीच्या घरी वाढलेली मुलगी आयव्हनसाठी ते घर सोडते. पुढे पोलीस गांजाचा व्यापार बंद पाडतात, वस्ती उपाशी राहते, आयव्हनला लपवणाऱ्या पेद्रोचं मूल आजारी पडतं. तेव्हा एल्साच त्याचा ठावठिकाणा पाद्रीपर्यंत पोहोचवते. विचार केला तर सगळ्या सिनेमात सर्वांत अवघड निर्णय कुणाचा? तिचा. एका बाजूला प्रियकर, दुसऱ्या बाजूला मरायला टेकलेलं मूल. पण कॅमेरा तिच्याकडे वळून बघत नाही, त्याला आयव्हनकडे जायची घाई आहे. मूळ १९४८ च्या प्रकरणातही एक बाई जिवानिशी गेली आणि दंतकथेत तिला जागा मिळाली नाही. सिनेमाने दंतकथेची ती सवय तशीच पुढे चालवली.

दुसरा आक्षेप जरा मोठा आहे. सिनेमात वस्तीला छळणारे कोण कोण दिसतात? निर्माता, पाद्री, भ्रष्ट पोलीस, व्यापारातले दलाल. राजकीय पक्ष मात्र जवळजवळ दिसत नाहीत. आणि खऱ्या पश्चिम किंग्स्टनमध्ये त्या वेळी काय चाललं होतं? १९६६ साली बॅक-ओ-वॉल ही झोपडपट्टी बुलडोझर लावून पाडली गेली. त्या जागी टिव्होली गार्डन्स ही नवी वसाहत उभी राहिली आणि ती एका पक्षाचा बालेकिल्ला झाली. घर हवं, काम हवं, तर पक्षाचं माणूस व्हा. मग दुसऱ्या पक्षानेही आपल्या वस्त्या धरल्या. रूड बॉय पोरांच्या हातात चाकूच्या जागी पिस्तुलं आली त्यात या पक्षांचा हात मोठा होता. म्हणजे पोरगा एकटा बंडखोर राहिला नव्हता, तो कुणाचा तरी शिपाई झाला होता. सिनेमा आपल्याला एकटा आयव्हन दाखवतो, जो कुणाचाच नाही. पाहायला तो फार रुबाबदार दिसतो, पण १९७२ च्या किंग्स्टनमध्ये अशी एकटी बंदूक दुर्मीळ होत चालली होती.

पुढे काय झालं ते आकड्यांतच सांगतो. १९७२ च्या फेब्रुवारीत मायकल मॅन्ली निवडून आले. १९७४ मध्ये बंदुकीच्या गुन्ह्यांसाठी वेगळं ‘गन कोर्ट’ काढावं लागलं. १९७६ मध्ये आणीबाणी लागली. १९८० हे निवडणुकीचं वर्ष, त्या एका वर्षात राजकीय हिंसाचारात सुमारे ८०० माणसं मेली. हे या सिनेमामुळे झालं असं आम्ही अजिबात म्हणत नाही. सिनेमा पाहून कुणी देशभर बंदुका वाटत नाही. पण जी गोष्ट डोळ्यांसमोर वाढत होती ती सोडून एका जुन्या, एकांड्या बंदुकवाल्याचं चित्र त्याने जगाला दिलं, हे खरं आहे. हेन्झेल स्वतः गोऱ्या जमैकन घरातला, उसाच्या मळ्यावर वाढलेला, इंग्लंडात शिकलेला. त्याच्या सहानुभूतीवर शंका घेण्याचं कारण नाही. पण वस्तीकडे आस्थेने पाहणाऱ्या बाहेरच्या माणसाला तिथला बंडखोर लवकर दिसतो, वस्तीतलं रोजचं राजकारण दिसायला वेळ लागतो.

तिसरा आक्षेप सिनेमापेक्षा त्याच्या नशिबाबद्दल आहे. अमेरिकेत १९७३ साली रॉजर कॉर्मन यांच्या कंपनीने तो आणला, तेव्हा फारसा चालला नाही. मग मध्यरात्रीच्या खेळांनी त्याला हात दिला. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या ऑर्सन वेल्स सिनेमागृहात तो वर्षानुवर्षं चालला. प्रेक्षक मुख्यतः कॉलेजचे विद्यार्थी. आयलंड कंपनीने काढलेली गाण्यांची रेकॉर्ड तर सिनेमाच्याही पुढे गेली. तिच्यातली बहुतेक गाणी आधीच गाजलेली, १९६७ ते १९७२ मधली. १९७३ मध्ये बॉब मार्ली आणि वेलर्स यांची ‘कॅच अ फायर’ आली, तेव्हा ती ऐकायला कान तयार होते, त्याचं श्रेय या रेकॉर्डला द्यावंच लागेल.

पण सिनेमातून सुटल्यावर गाण्यांचा अर्थ पालटला. ‘यू कॅन गेट इट इफ यू रिअली वॉन्ट’ हे गाणं सिनेमात ऐकताना टोचतं, कारण मनापासून इच्छा असूनही आयव्हनला काहीच मिळत नाही, हे आपण समोर बघत असतो. तेच नुसतं रेकॉर्डवर ऐका, ते उमेद देणारं गाणं होतं, कुठल्याही कार्यक्रमात लावावं असं. मेलोडियन्सचं ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ हे बायबलमधल्या स्तोत्रांवर बेतलेलं, रास्ताफारी माणसाचं निर्वासितपण सांगणारं. १९७८ मध्ये बोनी एमने ते नाचाचं गाणं केलं. आपल्यापैकी अनेकांनी ते लग्नाच्या बँडवरही ऐकलं असेल. वीस डॉलरच्या त्या सहीची गोष्ट सांगणाऱ्या सिनेमाचं संगीत असं जगाच्या बाजारात गेलं आणि गोष्ट मागे राहिली.

मग निकाल काय द्यायचा? निकालाआधी सिनेमातली दोन दृश्यं समोर ठेवतो. शहरात आल्यावर थोड्याच दिवसांत आयव्हन रियाल्टो थिएटरात ‘जँगो’ पाहतो. कोर्बुची या इटालियन दिग्दर्शकाचा १९६६ चा वेस्टर्न. पडद्यावर एकटा नायक मशीनगनने समोरची सगळी फौज आडवी करतो आणि थिएटर आनंदाने ओरडतं. शेवटच्या रिळापर्यंत हिरो मरत नसतो, अशी तिथल्या पब्लिकची खात्री आहे. सिनेमाच्या अखेरीस लाइम केच्या वाळूवर आयव्हन पोलिसांसमोर उभा राहतो. आणि हेन्झेल मध्येच तेच रियाल्टोचं हसणारं, ओरडणारं पब्लिक दाखवतो. आयव्हनच्या डोक्यात अजून सिनेमा चालू आहे, पोलिसांच्या बंदुकांत मात्र खऱ्या गोळ्या आहेत.

या जोडणीवरून कळतं की हेन्झेलला आपण काय करतोय याची जाणीव होती. या पोराला मारण्यात गरिबीचा हात आहे तसा सिनेमाचाही आहे, हे तो सांगतोय. फोटोग्राफरसमोर दोन पिस्तुलं घेऊन ऐटीत उभा राहणारा आयव्हन स्वतःचं पोस्टर तयार करत असतो. ही जाण फार थोड्या गुन्हेगारी सिनेमांत सापडते. पण आमची अडचण इथेच आहे. त्या सिनेमाने जगाला शेवटी काय दिलं? रेकॉर्डच्या वेष्टनावर, पोस्टरवर, टी-शर्टवर कोण आहे? दोन पिस्तुलंवाला आयव्हन. हिल्टनसमोर सही करणारा आयव्हन कुणी भिंतीवर लावला नाही. ज्या मोहाबद्दल सिनेमाने सावध केलं, तोच मोह त्याने सर्वांत जास्त खपवला.

म्हणून आमचं म्हणणं असं. ‘द हार्डर दे कम’ जरूर पाहा, त्याची गाणी जरूर ऐका. स्वतंत्र झालेल्या देशात पहिल्या दहा वर्षांत गरीब तरुणाच्या वाट्याला काय आलं, गाण्याचा धंदा कसा चालतो, बोलीला मान मिळाला की लोक कसे धावतात, हे शिकायला याहून चांगलं साधन सहज मिळणार नाही. पण १९४८ च्या ऱ्हायगिनचा किंवा १९७२ च्या बंदुकीचा इतिहास म्हणून त्यावर विसंबू नका. त्यासाठी मेलेल्यांची नावं शोधावी लागतील, वस्त्या कुणी पाडल्या आणि कुणी बांधल्या ते पाहावं लागेल, आणि एल्साने तो निर्णय कसा घेतला असेल याचा विचार करावा लागेल.

प्रश्न असतील तर आता घेऊ.